व्ही-क्रॉसचं नाक वर करायचंय? आधी टेप घ्या, पाना नंतर

इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप रिकामी उभी असली की जरा लांबून आणि बाजूने बघा, मागचा हौदा वर आणि नाक खाली, बैलाने जू घ्यायला मान वाकवल्यासारखी. बऱ्याच जणांना वाटतं गाडी बसली, स्प्रिंगा गेल्या. तसं नसतं, कंपनीनेच ती अशी दिलेली असते कारण मागे माल भरला की पाटे दबतात आणि गाडी सरळ होते. पण आपल्यातले निम्मे लोक मागे कधी दोन क्रेटच्या वर काही टाकत नाहीत, त्यामुळे त्यांना ते खाली गेलेलं नाक रोज दिसतं आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागतो, पुढून दोन इंच उचलूया.

माझी २०१७ ची आहे, एक लाख चाळीस हजार पळालीय आणि आमच्या रानाकडे जाणारा रस्ता म्हणजे ओढ्याचं पात्रच, त्यामुळे माझ्या स्प्रिंगा खरंच दमल्या होत्या. हे काम मी घरीच, शेडमध्ये, भावाला हाताशी घेऊन केलं, एकदा चुकलो, परत उघडलं, परत केलं, ते सगळं लिहितोय. व्ही-क्रॉस डोळ्यासमोर ठेवून लिहितोय पण पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर एक, खाली एक असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग असलेली कुठलीही पिकअप, म्हणजे हायलक्स, झेनॉन, यांना नव्वद टक्के हेच लागू पडतं.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. पुढून गाडी उचलली म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स वाढला असं होत नाही. मागच्या एक्सलमधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जिथे होता तिथेच राहतो, त्याला वर न्यायचा एकच मार्ग, मोठे टायर. पुढच्या खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक पण तिथेच राहतं. वाढतं काय तर पुढच्या बंपरची उंची, इंजिनखालच्या पत्र्याची उंची, आणि चढाला तोंड लावताना बंपर घासायचा तो घासत नाही. एवढ्यासाठी करायचं असेल तर करा. फक्त रुबाबासाठी करायचं असेल तरी करा, तुमची गाडी आहे, पण मग कशाच्या बदल्यात करताय ते माहीत असूद्या.

आता किती उचलायची. माझं स्पष्ट मत, ४० मिमी, फार तर ५०, त्याच्या वर नाही. कारण पुढचा एक्सल एकसंध नसतो, मधल्या डिफरन्शियलमधून दोन्ही बाजूंना शाफ्ट निघतात आणि त्यांच्या टोकांना सीव्ही जॉईंट, म्हणजे शाफ्टला वाकड्या कोनातही फिरू देणारे सांधे, असतात. गाडी वर गेली की शाफ्ट खालच्या बाजूला जास्त झुकतात, जॉईंट वाकड्या कोनात फिरतो, त्याच्यावरचं रबरी बूट घड्यांवर घासून फाटतं, ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि मग वळताना कट कट कट आवाज. आणि मी तर फोर बाय फोर लावतच नाही असं म्हणून सुटका नाही, या गाडीला हाताने सोडायचे हब नाहीत, चाकाकडचे शाफ्ट टू-व्हीलमध्ये पण चाकाबरोबर फिरतच असतात.

दुसरी गोष्ट जी गॅरेजवाले सांगत नाहीत, किंवा त्यांनाच माहीत नसते, ती म्हणजे स्पेसरची, म्हणजे शॉकपच्या वर टाकायच्या चकतीची, जाडी आणि गाडी उचलली जाण्याची उंची एक नसते. शॉकप खालच्या आर्मवर कुठे बसलाय बघा, चाकापाशी नाही बसलेला, मध्येच कुठेतरी बसलाय. म्हणजे तो तरफेच्या मधोमध दाबतोय आणि चाक टोकाला आहे. आर्मच्या आतल्या बुशपासून (चेसीकडच्या रबरी सांध्यापासून) शॉकपच्या खालच्या बोल्टपर्यंत टेप लावा, मग त्याच बुशपासून बाहेरच्या बॉल जॉईंटपर्यंत (चाकाकडच्या गोल सांध्यापर्यंत) लावा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर साधारण निम्म्याच्या थोडं वर येतं. म्हणजे शॉकपच्या डोक्यावर २५ मिमीची चकती टाकली तर गाडी ४५-५० मिमी उचलते.

आमच्या मेव्हण्याच्या गाडीला हाच घोळ झाला. त्याने एका गॅरेजात जाऊन सांगितलं दोन इंच उचला, त्यांनी प्रामाणिकपणे दोन इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा टाकून दिला. गाडी घरी आली ती उंदराच्या मागे लागलेल्या मांजरासारखी मागून बसलेली आणि पुढून ताठ. बायकोला चढता येईना. दिसायला भारी दिसत होती हे खरंय, पण माळशेज उतरताना स्टेअरिंग सोडलं की परत सरळ येत नव्हतं आणि दोन महिन्यांत डाव्या बाजूचं बूट फाटलं, आतल्या बाजूच्या रिमवर सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं. ठोकळा काढला तेव्हा वरच्या आर्मने स्प्रिंगच्या वेटोळ्यावरचा रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं पाडलं होतं, म्हणजे चाक खाली लोंबलं की आर्म थेट स्प्रिंगला जाऊन ठोकत होता.

उचलायचे रस्ते तीन. पहिला, शॉकपच्या डोक्यावर स्पेसर. स्वस्त, स्प्रिंग दाबायची गरज नाही, घरी होतो. पण त्याने शॉकप आणि स्प्रिंगची पूर्ण असेंब्लीच खाली सरकते, म्हणून चाक कंपनीने ठरवलंय त्यापेक्षा जास्त खाली लोंबतं आणि बॉल जॉईंट, सीव्ही जॉईंट दोन्ही ताणले जातात, आणि उलट बाजूने मोठा खड्डा लागला की बंप स्टॉपचा (वर येणाऱ्या आर्मला थांबवणारा) रबर टेकायच्या आधी शॉकपच आतून ठोकू शकतो, कारण त्याला आता तेवढीच जागा कमी मिळतेय. त्यामुळे स्पेसर टाकायचाच तर २०-२५ मिमीचा, बास. दुसरा रस्ता, मूळ शॉकप तसाच ठेवून स्प्रिंगच्या खाली-वर रिंग टाकायची. हा मला अजिबात आवडत नाही, स्प्रिंग जास्त दाबून बसवावी लागते, चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यातून बाहेर पडताना वरून टण्ण असा आवाज येतो. तिसरा, नवीन स्प्रिंग आणि तिला जुळणारा नवीन शॉकप. ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन वगैरे ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे सेट मिळतात, तिकडे हीच गाडी डी-मॅक्स या नावाने भरपूर विकली जाते म्हणून तिच्यासाठी माल तयार असतो. महाग आहे, स्पेसर काही हजारांत येतो आणि चारही चाकांचा चांगला सेट लाखाच्या घरात जातो, पण गाडी जुनी असेल, शॉकप तसेही बदलायलाच आले असतील तर तोच घ्या. मी तेच केलं, फक्त पुढचंच घेतलं, मागच्या पाट्यांना हात लावला नाही.

स्प्रिंग घेताना दुकानदार विचारेल की पुढे कायमचं वजन किती आहे. साधा बंपर, लोखंडी बंपर, लोखंडी बंपर आणि विंच (गाडी ओढून काढायची चरखी), असे वेगवेगळे ग्रेड असतात. इथे लोक बढाई मारतात आणि जड ग्रेड घेतात, उद्या विंच लावणारच आहे म्हणून. नका करू. साध्या बंपरवर जड स्प्रिंग घेतली की गाडी हवी त्यापेक्षा जास्त उचलते आणि रिकामी असताना बैलगाडीसारखी आदळते.

आणि हो, कायद्याचं पण बोलून घेऊ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. लोखंडी क्रॅश गार्डवर तर डिसेंबर २०१७ पासूनच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. दमलेली स्प्रिंग बदलून गाडी मूळ उंचीला आणणं वेगळं आणि चार इंच उचलणं वेगळं, हा फरक लक्षात ठेवा, आरटीओत आधी विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, नाहीतर अपघाताच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला फोटो त्याचाच काढेल.

तर आता काम. आदल्या दिवशी गाडी सपाट कोब्यावर लावा, चारही टायरची हवा सारखी करा, हौदा रिकामा करा आणि चाकाच्या बरोबर मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर टेप लावा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजलेला असतो, हवा कमीजास्त असते, आकडा खोटा येतो. चारही आकडे मडगार्डच्या आतल्या बाजूला मास्किंग टेप चिकटवून त्याच्यावर लिहा. माझ्या गाडीत पुढची उजवी बाजू डाव्यापेक्षा ९ मिमी खाली निघाली, ड्रायव्हरची बाजू आहे, मी एकटाच फिरतो आणि माझं वजन काही कमी नाही. हे आधी माहीत असलं की स्प्रिंगच्या सेटमध्ये डावी-उजवी वेगळी आहे का ते विचारता येतं, काही सेटमध्ये ड्रायव्हर बाजूची किंचित उंच देतात. मोजून झालं की सगळ्या नट-बोल्टांच्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, रात्रभर मुरूद्या. पावसाळ्यात चिखलातून फिरलेली गाडी असेल तर संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा.

सामानात काय लागेल तर ट्रॉली जॅक दोन, एकाने होत नाही, चांगल्या घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) दोन, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट आणि लांब दांडा, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळायचा), मोठा हातोडा, पहार, बाइंडिंगची तार, नवीन स्प्लिट पिना, नवीन नायलॉक नट. टॉर्कचे आकडे इथून तिथून उचलू नका, आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, जुन्या आणि नव्या डी-मॅक्समध्ये फरक आहे.

हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच अर्धा आटा ढिले करा. मग बॉनेट उघडून आत बघा, दोन्ही बाजूंना शॉकपचं डोकं दिसेल, त्याच्या भोवती तीन नट आणि बरोबर मध्ये एक.

इथे थांबा जरा. तो मधला नट. त्याला हात लावायचा नाही. अख्खी स्प्रिंग दाबून धरलीय ती त्या एका नटाने, तो काढला तर स्प्रिंग सुटते आणि ती जिथे जाईल तिथे जे असेल ते फोडते, मग ते बॉनेट असो की तुमचा जबडा. मी भावाला पाना देण्याआधी त्या मधल्या नटावर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली, हसला तो, हसूद्या. बाहेरचे तीन नट फक्त थोडे ढिले करून ठेवा, काढू नका.

आता गाडी पुढून उचला, दोन्ही बाजू एकदम, आणि घोड्या चेसीखाली लावा, आर्मखाली नाही. एकच बाजू उचलून काम करायचा मोह होतो पण मध्ये स्टॅबिलायझर बार आहे, तो दोन्ही चाकांना जोडलेला असतो, एक बाजू लोंबती आणि एक जमिनीवर असली की तो पिळतो आणि लिंकचा नट काढताना फटकन उसळतो. चाकं काढा आणि काढलेली चाकं चेसीखाली आडवी सरकवून ठेवा, घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

मग क्रमाने मोकळं करत जायचं. ब्रेकचा होज पाईप आणि एबीएसची वायर ज्या क्लिपांना अडकवलीय त्या क्लिपा सोडा. वायर पातळ असते आणि सेन्सर महाग असतो, ही क्लिप विसरलात तर नकल (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) खाली आल्यावर वायर ताणून तुटते. स्टॅबिलायझरच्या लिंकचा नट काढा, आतला बोल्ट गोल फिरत असेल तर मागून ॲलन पान्याने धरा. नंतर ट्रॉली जॅक खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावा आणि थोडासा भार घ्या.

वरच्या बॉल जॉईंटची स्प्लिट पिन काढा, नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, तीन-चार आटे अडकून राहूद्या. आता हातोड्याने नकलच्या बाजूवर, जिथे ती बॉल जॉईंटचा दांडा धरून बसलीय त्या गालावर, दोन सणसणीत फटके. आट्यांवर मारायचं नाही, रबरावर मारायचं नाही. ठण ठण करत एकदम आवाज बदलतो, ठक्क, आणि जॉईंट सुटतो. नट अडकलेला असल्याने काही उडत नाही. मग नट काढा, नकल बाहेर झुकेल, ती लगेच तारेने वर बांधा, लोंबकळत ठेवली तर ब्रेकच्या पाईपवर आणि शाफ्टवर भार येतो, शाफ्ट आतल्या जॉईंटमधून निसटला तर ते एक वेगळंच दुखणं.

आता शॉकपचा खालचा मोठा बोल्ट. हा गंजलेला असणार. सहज निघाला तर नशीब समजा, माझा उजव्या बाजूचा सव्वा तास घेऊन गेला. नट निघतो पण बोल्ट बुशच्या आतल्या नळीला चिकटतो. जॅक मिलिमीटर मिलिमीटर वर-खाली करत राहायचं, एका जागी भार शून्य होतो आणि बोल्ट हलायला लागतो, तिथेच ठोकायचं. जोर लावून आटे खराब करू नका. बोल्ट निघाला की वरचे तीन नट काढा, एका हाताने शॉकप धरा, जॅक सावकाश खाली घ्या, आर्म पहारीने खाली दाबा, आणि अख्खी असेंब्ली तिरकी करून बाहेर. वजनदार असते, पायावर पाडू नका.

स्पेसरच टाकायचा असेल तर आता काम सोपं आहे. असेंब्लीच्या तीन बोल्टांवर स्पेसर बसवायचा, त्याचे नट लावायचे, आणि स्पेसरचे स्वतःचे तीन बोल्ट चेसीत जाणार. फक्त कुठला भोक कुठे ते काढण्याआधीच खडूने खूण करा, नाहीतर वरून बसतं पण खालचा डोळा फिरलेला राहतो आणि बोल्ट आत जात नाही.

स्प्रिंग बदलायची असेल तर हात जोडून सांगतो, ही पायरी घरी करू नका. बाजारात दोन लांब बोल्टांचे स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळतात, आणि काही ठिकाणी तर तारेने, चेनने बांधून मधला नट काढतात, मी डोळ्याने बघितलंय. असेंब्ली उचला आणि भिंतीला ठोकलेलं प्रेसवालं मशीन असलेल्या दुकानात घेऊन जा, दोन्ही बाजूंचं काम तासाभरात होतं. तिथे उभं राहून तीन गोष्टी बघा, स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या खाचेला नीट टेकलंय का, वरचा रबर परत घातला का, आणि खालचा डोळा आणि वरचे तीन बोल्ट यांची मूळ दिशा तीच आहे का. वरचं माउंट चिरलेलं असेल तर आत्ताच बदला, परत हे सगळं उघडायला कोण बसणार.

बसवणं म्हणजे उलटा क्रम, पण मी चुकलो ते इथेच. वर तीन नट हाताने लावले, जॅकने आर्म वर घेत खालचा बोल्ट घातला, बॉल जॉईंट बसवला, आणि उत्साहात सगळं कडक आवळून टाकलं, गाडी अजून हवेत असताना. खालच्या बोल्टला रबरी बुश असते आणि ती आवळली की त्या स्थितीत पकडली जाते. चाक लोंबत असताना आवळली म्हणजे बुशला लोंबलेली स्थितीच सरळ वाटते, मग गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं. परिणाम असा की गाडी हवी त्यापेक्षा सात-आठ मिमी वर उभी राहिली, मी खूष, आणि तीन आठवड्यांत गतिरोधकावर किर्र किर्र सुरू. म्हणून ज्या बोल्टांना बुश आहे ते आधी फक्त टेकेपर्यंत लावा. बॉल जॉईंटचा नट मात्र आत्ताच पूर्ण टॉर्कला, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवायचा, मागे ढिला करून कधीच नाही. पिन नवीन. जुनी सरळ करून परत घालणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही.

चाक लावायच्या आधी दोन मिनिटं द्या. चाक पूर्ण लोंबलेलं असताना स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि भावाला खाली बघत बसवा. ब्रेकचा पाईप ताणतोय का, एबीएसची वायर कुठे अडकतेय का, वरच्या आर्म आणि स्प्रिंगमध्ये निदान बोट जाईल एवढी फट आहे का, सीव्हीच्या बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतायत का. पाईप ताणत असेल तर त्याचा ब्रॅकेट खाली सरकवून घ्या. बुटाच्या घड्या घासत असतील तर तुम्ही जास्त उचललीय, पुढचा डिफरन्शियल खाली घ्यायचे किट असतात पण मी म्हणेन स्पेसर पातळ करा.

दोन्ही बाजू झाल्या, चाकं लावली, गाडी खाली घेतली. लगेच टेप घेऊन धावू नका. खाली घेतल्यावर चाकं आतल्या बाजूला ओढलेली असतात, टायर कोब्याला चिकटून धरतो आणि गाडी खोटी उंच दिसते. दहा-पंधरा फूट पुढे-मागे करा, बंपरवर बसून चार वेळा दाबा, मग मोजा. आता गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना खाली शिरून बुशवाले बोल्ट टॉर्क पान्याने आवळा, स्टॅबिलायझरच्या लिंक शेवटी. चाकाचे नट एकाआड एक.

माझी पुढून ३८ मिमी उचलली आणि डावी-उजवी फरक ९ वरून ३ वर आला. मागची अजूनही पुढच्यापेक्षा थोडी वर आहे आणि तशीच हवी. लोक पुढची-मागची एकदम लेव्हल करतात, दिसायला छान, मग मागे कांद्याच्या पंधरा गोण्या टाकल्या की गाडी आकाशाकडे बघते, पुढचं वजन कमी होतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की पुढची पकड जाणवत नाही आणि समोरून येणारा प्रत्येकजण डिपर मारत शिव्या देतो.

अलाइनमेंट त्याच दिवशी. उद्या करू, रविवारी करू असं नाही, नवे टायर दोन हजार किलोमीटरमध्ये कडेने खाल्ले जातात. आणि नुसतं टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) करून घेऊ नका. बहुतेक ठिकाणी मशीनवर गाडी घेतात, टायरॉड फिरवून टो बसवतात आणि पैसे घेतात. गाडी वर गेली की दोन्ही आर्मचे कोन बदलतात, त्याने कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा कल) बदलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा फोर्क कसा तिरका असतो, तसा तिरकेपणा, त्याच्यामुळेच हात सोडले तरी सायकल सरळ जाते. तो कमी झाला की गाडी महामार्गावर तरंगल्यासारखी चालते, सारखं स्टेअरिंग दुरुस्त करत राहावं लागतं, मेव्हण्याला माळशेजमध्ये जे झालं ते हेच. खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टांना कॅम (मध्य सोडून बसवलेल्या चकत्या) असतात ते फिरवून हे जुळवतात, पण ते गंजलेले असतात म्हणून कारागीर टाळतो. तुम्ही आदल्या रात्रीच त्यांनापण स्प्रे मारून ठेवा आणि आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद छापून मागा. कॅम पूर्ण फिरवूनही कॅस्टर मर्यादेत येत नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतात, तो खर्च वाढतो, म्हणून परत तेच, ४० मिमीला थांबा.

ज्यांच्या पिकअपला पुढे पण पाटे आहेत त्यांनी हे सगळं वाचून वेळ घालवला, माफ करा. तुमच्याकडे पाट्यांना कमान परत मारून घेणे किंवा एक पाटा वाढवणे हाच खरा उपाय. पुढच्या एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा मात्र कधीच टाकू नका, मागे चालतो, पुढे नाही, ब्रेक मारल्यावर सगळा पीळ त्या ठोकळ्यावर येतो आणि तो निसटला तर चाक कुठे जाईल सांगता येत नाही. आणि जुन्या टॉर्शन बारवाल्या (कॉइलऐवजी पिळणारी दांडी असलेल्या) गाड्यांना नुसता एक बोल्ट आवळला की गाडी वर येते, फुकटचं वाटतं, पण त्यातही चाकाला खाली जायची जागा कमी होते, दोन-चार आट्यांच्या पुढे गेलात की वरचा आर्म स्टॉपरला टेकून बसतो आणि गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी आदळायला लागते.

हेडलाइट राहिले. संध्याकाळी गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, काम करायच्या आधीच लाइटची कड भिंतीवर कुठे येते तिथे खडूने रेघ मारून ठेवलेली असेल तर उत्तम, आता कड त्याच्या वर गेलेली दिसेल, हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवून परत रेघेवर आणा. मी हे आधी करायचं विसरलो होतो, मग शेजारच्याची व्ही-क्रॉस आणून तिच्यावरून रेघ मारली, ती पण बसलेलीच होती पण चाललं.

पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा सगळे नट टॉर्क पान्याने तपासा, वरचे तीन, खालचा मोठा, लिंकचे, चाकाचे. स्पेसर टाकला असेल तर हे नक्कीच, ॲल्युमिनियम दबतं आणि नट ढिले पडतात. माझा उजव्या बाजूच्या वरचा एक नट जवळजवळ पाव आटा फिरला. चाकाच्या मध्यापासून परत टेप लावली तर नवीन स्प्रिंग ४ मिमी बसली होती, ३८ चे ३४ झाले, आणि ते मास्किंग टेपवरच्या जुन्या आकड्याखालीच लिहून ठेवलंय.